बिनकामाचा डोंगर

सेक्टर 2 मधल्या आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर उभं राहिलं की चारी बाजूंना नजर सपाट धावत जाते. उंच म्हणावं असं जे काही दिसतं ते माणसानं बांधलेलं: पोलाद कारखान्याच्या चिमण्या, पाण्याच्या टाक्या, अय्यप्पा मंदिराकडची झाडं फार तर. पायाखाली चुनखडी आणि शेल, एका फार जुन्या समुद्राच्या तळाशी थरावर थर बसत गेलेली. अशा जमिनीवर डोंगर उभे राहत नाहीत, खाणी होतात. नंदिनीची चुनखडीची खाण त्यातलीच. त्यामुळे आम्हा भिलाईच्या मुलांना डोंगर पहिल्यांदा भेटला तो मालगाडीच्या वाघिणीतून. तांबडा, भुकटी झालेला, दल्ली-राजहऱ्याहून आलेला.

राजहऱ्याचा डोंगर हा आमच्या घराचा अन्नदाता. वडील गोंदियाकडून येऊन रेल मिलमध्ये लागले, धाकटा भाऊ ब्लास्ट फर्नेसला लागला, आणि दोघांच्याही बुटांतून तीच तांबडी धूळ अंगणात आली. हा डोंगर लोखंडाचा आहे हे प्रमथनाथ बोस या भूवैज्ञानिकानं 1887 साली लिहून ठेवलं होतं. पुढे 1903च्या सुमारास दोराबजी टाटा नागपुरात कुणा अधिकाऱ्याची वाट पाहत होते. वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथे भिंतीवर त्यांना दुर्ग जिल्ह्याचा भूगर्भाचा नकाशा दिसला, त्यावर लोखंडाच्या खुणा. टाटांची माणसं राजहऱ्यापर्यंत आली, चालताना बुटाखाली खणखणणारा खडक पाहून गेली, पण जवळ पुरेसा चांगला कोळसा नाही म्हणून त्यांनी तो डोंगर सोडला आणि कारखाना पुढे साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला. राजहऱ्याला आणखी पन्नासेक वर्षांची सवड मिळाली. 2 फेब्रुवारी 1955 ला भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली भट्टी सुरू झाली, आणि तेव्हापासून तो डोंगर रोज थोडा थोडा भिलाईला येतो आहे. आता तो संपत आलाय. पुढचा डोंगर रावघाटचा, बस्तरच्या वाटेवर. त्याच्यासाठी रेल्वे टाकणं चालू आहे.

या हिशेबात न बसणारा एकच डोंगर आमच्या घरात होता आणि तो देव्हाऱ्यात होता. डोंगरगडची बम्लेश्वरी. आईच्या माहेरचा, आमगावचा रस्ता तिच्या पायथ्यावरूनच जातो. हावडा-मुंबई लोहमार्गावर दुर्गच्या पश्चिमेला साठ-सत्तर किलोमीटरवर हे गाव. लहानपणी मामाकडे जाताना गाडी डोंगरगडला थांबली की आई खिडकीतूनच हात जोडायची. डब्यातली निम्मी माणसं त्या बाजूला सरकायची आणि आम्हाला दिसायच्या नुसत्या पाठी.

यंदा दिवाळीनंतर भिलाईला गेले तेव्हा आईनं विषय काढला. ती ऐंशीच्या घरात आहे, गुडघे गेलेत, भिलाईत साठ वर्षं काढूनही बोलणं अजून आमगावचंच. "तू पायऱ्यानं ये, मी डब्यात बसून जातो," म्हणाली. डबा म्हणजे रोपवे. भावाला साप्ताहिक सुट्टी होती आणि पुढे एक दिवसाची रजा त्यानं जोडून घेतली. दर्शन करायचं, तसंच पुढे आमगावला जायचं, असा बेत ठरला.

पॉवर हाऊस स्टेशनवरून सकाळची मेमू पकडली. नवरात्रात हा प्रवास करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चैत्रात आणि अश्विनात डोंगरगडला लाखोंची जत्रा असते, एरवी न थांबणाऱ्या गाड्यांनाही तिथे थांबा देतात, आणि रायपूर-भिलाईपासून जीई रोडनं चालत निघालेल्या पदयात्रींसाठी राजनांदगावपर्यंत ठिकठिकाणी मांडव पडतात. चहा, खिचडी, पाय चेपायला स्वयंसेवक, रात्रभर देवीची जसगीतं. ते पाहण्यासारखं असतं हे खरं. पण त्या दिवसांत डोंगर दिसत नाही, माणसंच दिसतात.

दुर्गनंतर शिवनाथ ओलांडली की धानाची शेतं सुरू होतात. कापणी उरकत आली होती. कापलेल्या धसांच्या मधून लाखोळीचा हिरवा कोंभ वर आलेला. धान उभं असतानाच ओल्या जमिनीत ती फेकून देतात, वेगळी नांगरट लागत नाही. आमच्याकडे लाखोळी, इथे तिवरा. रसमडा, मुरीपार, परमलकसा. या गाडीत मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी एकाच वाक्यात नांदतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. नागपूरकर भोसल्यांचं राज्य इथवर होतं, बिंबाजी भोसले रतनपूरला राहत, हे इतिहासाच्या पुस्तकातलं झालं. माझ्या लेखी या पट्ट्यातला मोठा मराठी माणूस म्हणजे राजनांदगावचा हिंदी कवी, गजानन माधव मुक्तिबोध. 1958 साली ते तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले आणि 1964 मध्ये जाईपर्यंतची त्यांची वर्षं तळ्याकाठच्या त्या जुन्या राजवाड्याच्या आवारात गेली. घरात मराठी, कागदावर हिंदी. धाकटे भाऊ शरच्चंद्र मात्र मराठीत लिहीत राहिले. राजनांदगावला गाडी थांबली तशी आईनं डबा उघडला, आणि मुक्तिबोधांचा विषय पोळी-भाजीत बुडाला.

राजनांदगाव सुटल्यावरही बराच वेळ काही घडत नाही. बाकल, मुसरा. मग जटकन्हार येता येता जमीन बदलते. शेताच्या मधोमध एखादा गोल दगड बसलेला दिसतो, बैलजोडीपेक्षा मोठा. पुढे दोन-चार एकत्र, एकमेकांवर रेललेले. बांध त्यांना वळसा घालून गेलेले असतात. शेतकऱ्यानं ते हलवायचा विचार कधीच सोडून दिलेला. आणि मग डाव्या-उजव्या खिडक्यांतून टेकड्या वर येऊ लागतात, झाडांत बुडालेल्या, पण डोकी उघडी.

आपली मराठी नजर सह्याद्रीवर तयार झालेली असते. मी भिलाईत वाढले, तरी शाळेच्या पुस्तकातले, दिनदर्शिकेवरचे गड तेच. नंतर पुण्यात संसार केला तेव्हा रविवारी चढायचे डोंगरही तेच. त्या डोंगरांचं व्याकरण पक्कं असतं. लाव्हा जमिनीवर पसरला, थंड झाला, त्यावर दुसरा थर आला. म्हणून कडा, मग सपाटी, मग पुन्हा कडा. आणि माथ्यावर राजधानी वसवता येईल एवढं पठार. त्या दगडाला साडेसहा कोटी वर्षं झाली आणि तो उघड्यावर भराभर थिजला म्हणून त्याचा कण डोळ्याला दिसत नाही, नुसता काळा. डोंगरगडला यातलं काहीच लागू पडत नाही. इथे थर नाहीत, आडव्या रेषा नाहीत, माथ्यावर मैदान नाही. डोंगर वर जाताना आत वळत जातो, गोल होतो आणि संपतो. त्याच्या अंगाखांद्यावर सुटे धोंडे अडकून राहिलेले, काही तर एवढ्या कमी टेकूवर की खालून बघताना मान आपोआप बाजूला होते.

हा ग्रॅनाइट. भूवैज्ञानिक याला डोंगरगड ग्रॅनाइट म्हणूनच ओळखतात. या गावाच्या नावानं एक अख्खा शिलासमूह आहे, त्यातले खडक राजनांदगाव, बालाघाट, गोंदियापर्यंत पसरलेत. वय सुमारे अडीचशे कोटी वर्षं. सह्याद्री त्याच्यापुढे काल आलेला पाहुणा. हा खडक जमिनीवर कधी ओतला गेलाच नाही. तो खोल पोटात, वरच्या खडकांच्या ओझ्याखाली, फार सावकाश थंड झाला. त्या सावकाशीमुळेच त्याचे स्फटिक मोठे झाले. नंतर पाऊस-वाऱ्यानं वरचं ओझं झिजवून नेलं तेव्हा तो उघडा पडला. म्हणजे डोंगरगडचा डोंगर कुणी उचलून उभा केलेला नाही. भोवतालचं आणि वरचं सगळं गेलं, तो राहिला.

स्टेशनवर उतरल्यावर भाऊ नेहमीप्रमाणे फलाटाच्या टोकाला गेला. त्याची ही सवय जुनी आहे, वडिलांकडून आलेली. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर, लोखंड लालबुंद असतानाच, कारखान्याचं नाव आणि साल उठवलेलं असतं. ते तो वाकून वाचतो. हा डोंगरगड मुळात रेल्वेचंच गाव. 1880च्या दशकात नागपूर ते राजनांदगाव मीटरगेज आली, मग बंगाल-नागपूर रेल्वेनं ती घेतली आणि रुंद केली. त्या वेळचे रूळ विलायतेहून आलेले असणार. आताचे भिलाईचे. "राजहराच आहे हा," भाऊ रुळाकडे बोट दाखवून म्हणाला, आणि आईनं त्याला ऑटो बघायला पिटाळलं.

पायथ्याशी तलाव आहे, त्याच्या कडेला छोटी बम्लेश्वरी. तिथून आमची फाटाफूट झाली. आई आणि भाऊ रोपवेच्या रांगेत गेले, मी कमानीखालून पायऱ्यांना लागले.

पायऱ्या हजाराच्या वर आहेत. डोंगराची उंची 1600 फूट सांगतात आणि ऐकणाऱ्याला धडकी भरते. पण अर्ध्या फुटाची एक पायरी धरली तर हजार पायऱ्यांत चढ होतो पाचशे फुटांचा. तेव्हा 1600 हा आकडा समुद्रसपाटीपासूनचा असणार, आणि ज्यांना सिंहगड जमतो त्यांना हा डोंगर सहज जमावा. जमतो खरा, पण दमवतो, कारण हवा मिळत नाही. जवळजवळ सगळी वाट पत्र्याखाली आहे. दोन्ही बाजूंना दुकानं: नारळ, चुनरी, इलायची दाणा, पितळी कडी, प्लास्टिकच्या बंदुका, देवीचे फोटो जडवलेल्या किल्ल्यांच्या साखळ्या. "चप्पल इथं ठेवा, फुकट" म्हणणाऱ्याकडे फुकट ठेवायची नसते, नारळ घ्यायचा असतो. माकडं पत्र्यावर धाडधाड पळतात आणि हातातली पिशवी नेमकी हेरतात. चुनरी डोक्याला बांधलेली एक पोरगी पायरीपायरीला हात लावून कपाळाला लावत चढत होती. तिचा बाप दहा पायऱ्या पुढे जाऊन बसायचा, ती पोचली की पुन्हा उठायचा.

पत्र्यामुळे एक मात्र झालं. लांबचं दिसत नसल्यानं मी जवळचं पाहू लागले. एका वळणावर पायऱ्यांसाठी वाटेतला धोंडा फोडलेला आहे, दोन पुरुष उंचीचा. त्याच्या फुटलेल्या तोंडावर वरपासून खालपर्यंत अर्ध्या भोकांची ओळ दिसते, बोट जाईल एवढी, वीतभर अंतरानं. पाथरवटानं छिन्नीनं ती भोकं पाडली, त्यांत पाचरी बसवल्या आणि ओळीनं एकेकीवर घाव घालत गेला. ग्रॅनाइट असा फुटतो, सरळ रेषेत, आपल्याला पाहिजे तिथे, फक्त ठोकणाऱ्याला धीर पाहिजे. उरलेली अर्धी भोकं फुटून गेलेल्या तुकड्यावर असणार, आणि तो तुकडा बहुधा मी ज्यावर उभी होते तोच.

फुटलेलं तोंड पावसानं अजून काळवंडलेलं नव्हतं. हात फिरवला तर खरखरीत, मिठाच्या खड्यासारखी धार. गुलाबी दाणे सगळ्यात मोठे, काही नखाएवढे, सपाट, कलतं पाहिलं की चमकून जाणारे. ते फेल्स्पार. त्यांच्या मधल्या फटी भरून काढणारी करडी काच म्हणजे क्वार्ट्झ. आणि विखुरलेले काळे ठिपके, त्यांतला एक मी नखानं उकरला तर पापुद्रा निघून बोटाला चिकटला: अभ्रक. काळ्या कातळात हे काही दिसत नाही. तिथे दगड म्हणजे एकच एक वस्तू. इथे तीन माणसं दाटीवाटीनं बसावीत तशी तीन खनिजं आपापला आकार सांभाळून बसली आहेत, आणि कोण आधी थिजलं, कुणाला उरलेल्या जागेत मावावं लागलं, हे कडा पाहून सांगता येतं.

अर्ध्या वाटेवर पत्रा थोडा तुटतो. तिथे उघड्या उतारावर खडकाचं कवच सुटलेलं दिसलं, हातभर जाडीचं, डोंगराच्या गोलाईला धरूनच वाकलेलं. वरचं ओझं गेल्यावर आत दबलेला ग्रॅनाइट किंचित फुगतो आणि पृष्ठभागाला समांतर चिरतो. एक साल निघतं, खालचं उघडं पडतं. धोंडे गोल का, डोंगर गोल का, याचं उत्तर एवढंच: कोपऱ्यावर हवापाणी तीन बाजूंनी खातं, म्हणून कोपरे आधी जातात.

इथल्या दंतकथेत डोंगर नाहीच, हे चढताना लक्षात आलं. कथा आहे ती कामावती नगरीची, कामकंदला नावाच्या नर्तकीची आणि माधवानल नावाच्या वादकाची. राजानं माधवानलाला हद्दपार केलं, तो विक्रमादित्याकडे गेला, विक्रमानं स्वारी केली, मग प्रेमाची परीक्षा म्हणून खोटी बातमी पसरवली, दोघांनी प्राण सोडले, आणि पश्चात्तापानं विक्रमादित्य देवीला शरण गेल्यावर तिनं दोघांना उठवलं. गोष्ट चांगली आहे. पण अडीचशे कोटी वर्षांचा दगड तिला फक्त व्यासपीठ म्हणून लागतो.

वर पोचले तेव्हा आईचं दर्शन होऊन ती सावलीला बसली होती. "एवढी कायले धापते वो?" असं विचारून तिनं मला पाणी दिलं. देवीचा गाभारा लहान, रांग पुढे ढकलली जाते, दोन क्षण मिळतात. ते घेतले आणि कठड्याशी आले. खाली तलाव, पलीकडे लोहमार्ग, त्यावर एक कोळशाची मालगाडी, जिचं इंजिन आणि शेवटचा डबा एकाच वेळी दिसत होते. एका टेकडीवर प्रज्ञागिरीचा मोठा बुद्ध बसलेला. दुसरीकडे चंद्रगिरी, जिथे दिगंबर जैन आचार्य विद्यासागर यांनी 18 फेब्रुवारी 2024 ला समाधी घेतली. ज्याला ज्याला या मुलखात देव किंवा गुरू बसवायचा होता त्यानं ग्रॅनाइटचा माथा निवडला. पश्चिमेला मात्र देऊळ नसलेल्या टेकड्या, सागाचं-साजाचं जंगल, आणि त्याच्यामागे महाराष्ट्र.

भावाला मी विचारलं, इतका डोंगर दारात असून कारखान्यानं कधी याच्याकडे पाहिलं कसं नाही? तो हसला. म्हणाला, "हा आमचा शत्रू." राजहऱ्याच्या चांगल्या खनिजात साठ टक्क्यांच्या वर लोखंड असतं. ग्रॅनाइटमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास सिलिका. आणि भट्टीत नको असते ती नेमकी सिलिकाच. तिला बाहेर काढायला नंदिनीची चुनखडी घालावी लागते, मग दोघींचा मिळून स्लॅग होतो आणि वर तरंगतो. लहानपणी रात्री आभाळ एकदम नारिंगी व्हायचं, ते वितळलेला स्लॅग ओतत असत त्याचं. "हा डोंगर भट्टीत घातला तर नुसता स्लॅग निघेल. बिनकामाचा आहे, म्हणून वाचला."

मला तेव्हा योसेमिटी आठवलं. मुलगी कॅलिफोर्नियात असते, तिच्याकडे गेलं की मराठी आईवडिलांना जी ठरावीक स्थळं दाखवली जातात त्यांत ते येतं. ग्लेशियर पॉइंटवरून समोर हाफ डोम दिसतो: 8839 फूट, एका बाजूनं घुमट आणि दुसऱ्या बाजूनं सरळ कापलेला कडा. तोही ग्रॅनाइटचाच भाऊबंद, पण वयानं नऊ कोटी वर्षांच्याही आतला; त्याचा जन्म झाला तेव्हा डोंगरगडचा दगड दोनशे चाळीस कोटी वर्षांचा होता. त्या माथ्यावर कुणा माणसाचा पाय कधी लागणार नाही असं कॅलिफोर्नियाच्या सरकारी भूवैज्ञानिकांचं मत होतं. 1875 साली जॉर्ज अँडरसन नावाचा माणूस दगडात भोकं पाडत, त्यांत लोखंडी खुंट्या ठोकत, एकेका खुंटीवर उभा राहत वर गेला. डोंगरगडच्या पाथरवटाची आणि त्याची विद्या एकच. 1919 मध्ये तिथे पोलादी दोर लावले, शेवटचे चारशे फूट लोक ते धरून चढतात, आणि अलीकडे त्यासाठीही आधी परवाना लागतो, तो सोडतीत मिळतो. माझ्या जावयाला मिळाला नव्हता. आम्ही खालून पाहिला, शांतपणे, रांगेत गाडी लावून. दुकान नाही, पत्रा नाही, माकडही नाही.

तिथली ती स्वच्छता मला आवडली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती कशी आली तेही तिथल्याच माहितीकेंद्रात वाचायला मिळतं. 1851 मध्ये मारिपोसा बटालियननं त्या दरीत शिरून अहवानीची लोकांना हुसकावलं. 1864 ला लिंकननी दरी राखीव केली, 1890 ला राष्ट्रीय उद्यान झालं. डोंगर वाचवायचा तर आधी त्याच्या पायथ्याची माणसं नकोशी झाली.

डोंगरगड कुठल्याही राष्ट्रीय उद्यानात नाही. त्याला राखलंय ते देवीनं, आणि भावाच्या मते त्याच्या निरुपयोगानं. देवीची राखण बऱ्यापैकी कडक असते. या माथ्याला सुरुंग लावायची कुणाची छाती होणार नाही. मात्र ती राखण देवळापुरती चालते. देवीच्या नावानंच सिमेंट, पत्रा आणि जनरेटर वर चढतात, कचरा मागच्या घळीत उतरतो. आणि जी टेकडी निव्वळ टेकडी आहे, जिच्यावर ना बम्लेश्वरी ना बुद्ध, तिचं काय होतं ते या पट्ट्यात सडकेनं जाताना दिसतं: अर्धी कापलेली, पोटाशी क्रशर, आणि धुळीनं पांढरी झालेली पळसाची पानं.

खरं राष्ट्रीय उद्यान इथून पश्चिमेला, गोंदिया जिल्ह्यात आहे. नवेगाव, 1975 पासूनचं, सुमारे 134 चौरस किलोमीटर. 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथलं वैभव शिखरात नाही, पाण्यात आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांध घालून तलाव केला. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, आणि बांधणारा कोलू पाटील स्वतःच कोलासूर होऊन तिथे पुजला जातो. मारुती चितमपल्लींची वनखात्यातली कितीतरी वर्षं तिथे गेली आणि माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्याच्या संगतीत त्यांनी ते जंगल वाचलं. डोंगरगडच्या आजूबाजूचं जंगल आणि ते जंगल तुटक तुटक का होईना जोडलेलं आहे. अस्वल आणि बिबट्या राज्याची सीमा पाहत नाहीत. मधला दुवा म्हणजे याच बिनदेवाच्या टेकड्या. म्हणून मला वाटतं, इथे वाचवायला हवा तो माथ्यावर देऊळ असलेला डोंगर नव्हे; तो वाचेल. त्याच्या मागच्या निनावी टेकड्यांना कुणीतरी नाव द्यायला हवं.

उतरताना आईनं पायऱ्यांनी येण्याचा हट्ट धरला. भावानं तिला परत डब्यात बसवलं.

दुपारची गोंदियाकडची गाडी उशिरा आली. डोंगरगडनंतर या मार्गाचा सगळ्यात देखणा तुकडा लागतो, आणि सुपरफास्टवाले तो झोपेत घालवतात. पनियाजोब, बोरतलाव. घाट म्हणावा असा चढ नाही, तरी गाडीचा वेग उतरतो, वळणावर तिचं पुढचं टोक दिसतं. खडक रुळाच्या दोन्ही अंगांना टेकतो, मधूनच धोंड्यांच्या राशी, त्यांतून वाकडी तिकडी सालईची झाडं, पांढरट सालीची, पानं झडायला लागलेली. बोरतलावला मागच्या मालगाडीला वाट द्यायला आमची मेमू लूपमध्ये उभी राहिली आणि लोक खाली उतरून उभे राहिले, तशी मीही उतरले.

रुळाखालच्या गिट्टीचा एक खडा उचलला. ताजा फोडलेला, कडक, कोपरे शाबूत. बहुतेक खडे काळपट-करडे होते, पण मध्येच एखादा तो ओळखीचा गुलाबी दाणा दाखवत होता. भावाच्या हातावर ठेवला. त्यानं उलटसुलट करून पाहिला. रूळ राजहऱ्याचा, पण तो रूळ धरून ठेवते ती गिट्टी, आणि तिला लागतो न झिजणारा, न चुरणारा दगड. शत्रू म्हणे. "भट्टीत नको म्हणालो होतो मी," तो म्हणाला, "खाली चालतो." मालगाडी धडधडत गेली, वाघिणींवर रंग एवढा चढला होता की आत काय आहे ते विचारायची गरज नव्हती.

पुढे बोगदा आणि मग दरेकसा, म्हणजे महाराष्ट्र. याच डोंगरांत कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड लोक तिथे येतात. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या कथेत ही गुहा म्हणजे गोंड धर्माच्या उगमाची जागा आहे. तिथे डोंगर व्यासपीठ नाही. कथा डोंगराच्या पोटातच घडते: दगडानं बंद केलेली गुहा, आत कोंडलेली मुलं, आणि त्यांची सुटका. डोंगर बाजूला काढला तर गोष्ट उरत नाही. बम्लेश्वरीहून आल्या आल्या हा फरक फार जाणवला. आमच्या समोरच्या बाकावर सालेकसाला उतरणारी एक म्हातारी होती. तिनं टोपलीतली सीताफळं दाखवत सांगितलं की तिच्या गावामागच्या डोंगराचाही देव आहे, पण त्याला देऊळ चालत नाही, बांधलं की पडतं. किती वेळा पडलं, हे आईनं विचारलं. "एकदाच बांधलं होतं," म्हातारी म्हणाली, आणि तीस रुपयांना सहा सीताफळं आमच्या पिशवीत घातली.

आमगावला मामेभाऊ मोटरसायकल आणि एक ऑटो घेऊन उभा होता. आईला ऑटोत बसवता बसवता त्यानं विचारलं, "उद्या नवेगावले जाचं का, आत्या? गाडी सांगून ठेवतो."

"तिथं पायऱ्या हायत का?" आईनं विचारलं. नाहीत म्हटल्यावर तिनं सकाळी सातची वेळ ठरवून टाकली.